रताळ्याचा पाला खाताना या चुका टाळा

रताळ्याची वेल कंदासाठी लावली जाते आणि पाला बहुतेक वेळा गुरांच्या वाट्याला जातो. तो माणसांच्याही खाण्याचा आहे, हे कळल्यावर उत्साहाने भाजी केली जाते. पण पाल्यातले गुण ताटापर्यंत पोहोचण्याआधीच अनेक ठिकाणी गळतात आणि काही व्यक्तींच्या बाबतीत हीच पौष्टिक भाजी अडचणीची ठरू शकते.

पहिली चूक ओळखण्यातली आहे. बटाटा आणि रताळे दोन्ही जमिनीखाली तयार होत असले, तरी बटाट्याचे कुळ वेगळे असून त्याच्या पानांत सोलानिनसारखी विषारी द्रव्ये असतात. त्यामुळे ‘कंदाचा पाला’ म्हणून दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. दुसरीकडे, रताळ्याच्या जवळच्या नात्यातली बेशरम ही वनस्पती जनावरांनाही बाधते. रताळ्याची पाने वाणानुसार कधी हृदयाच्या आकाराची, तर कधी पंजासारखी खाचदार असतात, म्हणून केवळ आकारावर विसंबून रानातली अनोळखी वेल तोडून आणू नये. शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत रताळ्याच्या वेलीही टाळाव्यात, कारण त्यांच्यावर खाद्यपिकांसाठी नसलेली कीटकनाशके फवारलेली असू शकतात.

खुडताना जून, जाड पाने घेतली की भाजी चरबरीत आणि तुरट लागते आणि दोष रताळ्याला दिला जातो. शेंड्याकडची कोवळी पाने देठांसह घ्यावीत. मात्र कंदही हवे असतील, तर एकाच वेलीचे सगळे शेंडे ओरबाडू नयेत. कंद पोसण्याचे काम हीच पाने करतात.

अपेक्षांचीही एक चूक होते. १०० ग्रॅम कच्च्या पानांतून साधारण ४० किलोकॅलरी, अडीच ग्रॅम प्रथिने, पाच ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. डोळ्यांच्या आरोग्याशी निगडित असलेले ल्युटिन आणि शरीरात ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतरित होणारे बीटा-कॅरोटीन त्यांत भरपूर असते. लोह मात्र जेमतेम एक मिलिग्रॅम आहे. रक्तक्षय झालेल्या व्यक्तीने केवळ या भाजीवर भिस्त ठेवणे म्हणजे उपचार लांबवणे होय. जे लोह आहे, ते अंगी लागावे यासाठी सोबत लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा-कॉफी घेऊ नये. मधुमेह किंवा रक्तदाब ‘बरा करणारा पाला’ अशी जाहिरात तर सरळ दुर्लक्षित करावी.

शिजवण्याच्या बाबतीत सर्वांना लागू पडेल असा एकच नियम नाही आणि नेमके इथेच बहुतेक सल्ले चुकतात. ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेनेही नष्ट होते. त्यामुळे पाने चिरून मग धुणे, बराच वेळ भिजत ठेवणे किंवा रंग काळपट होईपर्यंत शिजवणे यांत तोटाच आहे. निरोगी व्यक्तीने पाने आधी धुऊन, मग चिरून काही मिनिटे वाफवावीत किंवा परतावीत. पण या पानांत ऑक्झलेट (कॅल्शियमशी जोडले जाऊन खडे बनवू शकणारे द्रव्य) हेही असते आणि ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटचा मुतखडा झालेला आहे, त्यांच्यासाठी हिशेब उलटा होतो: भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून देणे, थोडे ‘क’ जीवनसत्त्व गमवावे लागले तरी, अधिक शहाणपणाचे ठरते. त्यांनी भाजी दही किंवा दुधाच्या पदार्थासोबत खावी. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. कच्च्या पानांचा रस रोज पिणे हा प्रकार मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी तरी करूच नये.

तेल अजिबात न वापरणे हीदेखील चूकच आहे. बीटा-कॅरोटीन, ल्युटिन आणि ‘के’ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांसोबतच नीट शोषले जातात. चमचाभर तेल किंवा भाजीत घातलेले दाण्याचे कूट तेवढ्यासाठी पुरे होते.

सर्वांत दुर्लक्षित, पण माझ्या मते सर्वांत गंभीर चूक रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांची आहे. १०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे ३०० मायक्रोग्रॅम ‘के’ जीवनसत्त्व असते; प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज साधारण ९० ते १२० मायक्रोग्रॅम मानली जाते. रक्त गोठवणारे घटक तयार होण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते आणि वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकोमॅरॉल ही औषधे नेमकी त्याच कामात अडथळा आणतात. अशा व्यक्तीने एक आठवडा ही भाजी रोज खाल्ली आणि पुढचा आठवडा अजिबात खाल्ली नाही, तर औषधाचा परिणाम वरखाली होतो. भाजी कायमची सोडण्याची गरज नसते. प्रमाण स्थिर ठेवावे लागते आणि आहारातला बदल डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्यावा लागतो. नव्या पिढीतल्या अ‍ॅपिक्साबॅनसारख्या गोळ्यांना हा निर्बंध लागू नाही, त्यामुळे आपली गोळी कोणती आहे, हे आधी विचारावे.

मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर मर्यादा घातली असेल, तर ही भाजी आहारतज्ज्ञांना विचारूनच घ्यावी. पालेभाज्यांची सवय नसलेल्यांनी लहान वाटीपासून सुरुवात करावी, कारण तंतुमय पदार्थ एकदम वाढले की पोट फुगते आणि भाजी पचत नाही, असा गैरसमज होतो.