एक्स-रे आणि सीटी काढताना या चुका टाळा

एक्स-रेच्या खोलीत आलेले बरेच जण आधी शिशाचा अ‍ॅप्रन मागतात. मागच्या महिन्यात काढलेल्या सीटीची सीडी मात्र घरी कपाटात असते. रेडिएशन खरं वाचतं ते त्या सीडीने.

छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या रेडिएशनचं माप), अनेकदा त्याहूनही कमी. पोटाच्या सीटीचा 8 ते 10. जमीन, हवा आणि आकाशातून आपल्याला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट असेही मिळतातच. तेव्हा बोटाच्या एक्स-रेने झोप उडवून घेऊ नका, विचार सीटीचा करा.

जुनी तपासणी सोबत न नेणं. तालुक्याहून सिव्हिलला आणि तिथून पुण्या-मुंबईला पाठवलेल्या रुग्णाचं हे हमखास होतं. हातात फक्त कागदी रिपोर्ट किंवा मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो. नव्या डॉक्टरांना त्यावरून काही ठरवता येत नाही आणि तीच सीटी पुन्हा होते. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी. सेंटरमधून निघतानाच सीडी मागून घ्या.

स्वतःहून सीटी करून येणं. 2021 मध्ये घराघरांत ‘एचआरसीटी स्कोर किती?’, म्हणजे छातीच्या सीटीत कोविडने फुफ्फुस किती बाधित दिसतं, हीच चर्चा होती. त्या मे महिन्यात एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे 300 ते 400 एक्स-रे असं सांगितलं आणि रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्या आकड्याला हरकत घेतली. आकड्याचं काहीही असो, सौम्य कोविडमध्ये सीटी नको हे बरोबरच होतं. आज तीच घाई मुतखड्यात दिसते. खडा सरकला का हे पाहायला अनेकदा सोनोग्राफी पुरते. डॉक्टरांना विचारा: या तपासणीने उपचार बदलणार आहेत का? सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का? साधा आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध टोचून केलेला) असे दोन्ही फेरे खरंच हवेत का? प्रत्येक फेऱ्याला डोस वाढतो. यात डॉक्टरांचा अपमान वगैरे काही होत नाही.

अ‍ॅप्रनसाठी हट्ट. रुग्णाच्या जननेंद्रियांवर किंवा गर्भावर सरसकट शिसं ठेवणं थांबवा, असं अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्येच सांगितलं. शरीराच्या आतल्या आत विखुरणारे किरण बाहेरच्या शिशाने अडत नाहीत. उलट शिसं चित्राच्या भागात आलं, तर हवं तेच झाकलं जातं आणि आपोआप डोस ठरवणारं मशीन डोस वाढवतं. अ‍ॅप्रन लागतो तो लहान मुलाला धरून उभ्या राहणाऱ्या नातेवाइकाला. गरोदर बाईने मुलाला धरू नये.

मंगळसूत्र, गळ्यातला ताईत, खांद्यावरून पुढे आलेली वेणी, ‘श्वास रोखा’ म्हटल्यावर सोडलेला श्वास: एवढ्यानेही एक्स-रे दुसऱ्यांदा काढावा लागतो.

पाळी चुकली असेल, तर टेबलावर झोपण्याआधी सांगा. पण गरोदर आहे म्हणून छातीचा गरजेचा एक्स-रे नाकारू नका. त्यात गर्भापर्यंत 0.01 मिलिग्रेहूनही (मिलिग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या रेडिएशनचं माप) कमी डोस पोचतो आणि 100 मिलिग्रेच्या खाली गर्भात व्यंग येण्याचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही.

एक्स-रे किंवा सीटीनंतर अंगात रेडिएशन उरत नाही, त्यामुळे ‘उतारा’ म्हणून काही खाण्यापिण्याची गरज नाही. पेट स्कॅनची गोष्ट वेगळी. त्यात सहसा टोचल्या जाणाऱ्या औषधाचं रेडिएशन दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून पुढचे काही तास तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला जवळ घेऊ नका.

मुलाची सीटी असेल, तर मशीन मुलांच्या सेटिंगवर आहे ना, हे टेक्निशियनला विचारा. एक्स-रे सेंटरला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, त्याचीही चौकशी करा. आणि डोक्याला मार लागून उलट्या होत असतील किंवा अचानक तोंड वाकडं झालं असेल, तर यातलं काहीही विचारत बसू नका. सीटी लगेच होऊ द्या.