हवामान परिषदेत खरं वजन कोणाचं, हे कसं ओळखायचं

२०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि असं नुकसान सोसणाऱ्यांना पैसा कोणी द्यायचा हा वाद दरवर्षी सीओपीत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत होतो, म्हणून कोकणातल्या माणसाने तरी त्या बातम्या नीट वाचायलाच हव्यात.

भाषणं सोडून द्या, सरळ परिषदेच्या ठरावाचा मसुदा बघा. चौकोनी कंसात मजकूर दिसला की समजायचं, अजून एकमत नाही. तिथे निर्णय मतदानाने होत नाहीत, एकमताने होतात, त्यामुळे कंस कोण काढू देत नाहीये यावरून ताकद कळते. ग्लासगोत २०२१ ला अगदी शेवटी कोळसा 'बंद करत नेणे'चं 'कमी करत नेणे' झालं, ते भारताने लावून धरलं म्हणून.

पण अडवणं वेगळं आणि पुढे नेणं वेगळं हां. पॅरिसला २०१५ मध्ये मार्शल आयलंड्ससारख्या चिमुकल्या देशाच्या टोनी डी ब्रुम यांनी श्रीमंत-गरीब देशांची मोट बांधली आणि तापमानवाढ दीड डिग्रीपर्यंत रोखायचं उद्दिष्ट करारात आलं. ना सैन्य, ना पैसा, तरी! माझ्या मते खरं नेतृत्व हेच.

मग पैसा बघा. नुकसानभरपाईच्या फंडाचा निर्णय २०२२ ला इजिप्तमध्ये झाला, अझरबैजानमधल्या बाकूत २०२४ ला विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं ठरल्याचं जाहीर झालं आणि त्यानंतर लगेच भारताने तिथेच ते अपुरं म्हणून नाकारलं. घोषणेचा आकडा आणि प्रत्यक्ष जमा झालेला आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवा, पुढच्या सीओपीच्या वेळी पुन्हा ताडून बघा.