गावच्या तळ्याचा सांडवा आधी बघा, अलमट्टीचं मग बोलू

जुलै लागला की आमच्याकडं चहाच्या टपरीवर एकच विषय असतोय, अलमट्टी धरणात ५१९.६० मीटरपर्यंत पाणी धरलं की सोडलं, कोयनेतनं किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटलं, हिडकल धरण भरत आलं काय. सगळ्यांना धरणांचं टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी, तोंडपाठ. आणि गावाच्या डोक्यावर जे तळं आहे त्याच्या सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेत, किती झुडपं उगवल्यात हे विचारा, एकजण सांगणार नाही. चिक्कोडी-निपाणीकडं कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेचा पूर येतोय, तिथं आपल्या हातात फार काय नाही हे मान्य. पण खानापूर, बेळगाव, हुक्केरीकडच्या ज्या गावांच्या वरच्या अंगाला मातीचं छोटं धरण किंवा तळं आहे, त्यांनी स्वतः करण्यासारखं बरंच आहे. मी इंजिनियर नाही, शेतकरी आहे, पण पाटबंधाऱ्यातनं रिटायर झालेल्या एका माणसाच्या मागं दोन पावसाळे वही घेऊन फिरलोय, त्यातनं जे कळलं ते सांगतोय.

आधी हे तळं पूर अडवतंय म्हणजे काय ते बघू, कारण इथंच लोकांचा घोळ होतोय. समजा तळ्यात ५ चौरस किलोमीटरवरचं पाणी येतंय आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, कणकुंबी-जांबोटीकडच्या, म्हणजे धो धो पावसाच्या भागातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो हसेल. त्यातलं निम्मं जरी वाहून आलं तरी अडीच लाख घनमीटर होतंय. आता तळं २० हेक्टरवर पसरलेलं असेल आणि सांडव्याच्या खाली एक मीटर रिकामं असेल तर दोन लाख घनमीटर तिथंच बसतंय, म्हणजे त्या दिवशीचा बहुतेक पूर तळ्यानं गिळला. पण तेच तळं आधीच काठोकाठ असेल तर वरनं येईल तेवढं थोडं उशिरा खाली जाणार, बस. त्या उशिरानं ओढ्याचा जोर जरा मोडतोय हे खरं, पण भरलेल्या तळ्याच्या भरवशावर कोणी ओढ्याकाठी गोठा बांधू नये.

रिकामी जागा ठेवायची तर ते आधीच ठरवावं लागतंय. फूटभर रुंदीच्या पाइपातनं दिवसरात्र पाणी सोडलं तरी असलं तळं वीतभर पण उतरत नाही. म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर व्हॉल्व्ह फिरवायला पळून उपयोग नाही की. आमच्यात आता तरण्या पावसात (पुनर्वसू नक्षत्रात) तळं पाऊण भरलं की व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवतात आणि म्हातारा पाऊस (पुष्य नक्षत्र) सरल्यावर बंद करून भरून घेतात. यावर दरवर्षी भांडण होतंय, ज्याचा ऊस खाली आहे तो म्हणतो पाणी वाया घालवलासा. त्याचंही चूक नाही, पण माझं मत विचाराल तर अर्धा मीटर पाणी कमी परवडलं. व्हॉल्व्ह मात्र मे महिन्यातच फिरवून, ग्रीस मारून बघा, गंजून अडकलेला असतोय आणि ते जुलैत कळतंय.

आता सांडवा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. मातीच्या धरणावरनं पाणी गेलं की धरण गेलं, माती काय तासन्तास धरत नाही. वरनं पाणी जाऊ नये म्हणून तर सांडवा असतोय. १० मीटर रुंद सांडव्यावरनं एक मीटर जाडीचं पाणी जात असेल तर साधारण ६०० क्युसेक निघतंय, तेच अर्धा मीटर जाडी असेल तर २१० च्या आसपास. म्हणजे कुणी जास्त पाणी साठवायला सांडव्यावर वाळूची पोती रचून अर्धा मीटर उंची वाढवली तर तेवढ्याच पातळीला सांडव्याची ताकद तिसऱ्या हिश्श्यावर आली. पोती रचणाऱ्याला वाटतंय आपण पाणी वाचवलं. तर मृग लागायच्या आधी चार पोरं, दोन कोयते आणि लागलं तर एक दिवस जेसीबी घेऊन सांडवा आणि त्याच्या पुढचा चर, दोन्ही मोकळं करा, चर लोक विसरतात आणि पाणी फुगून परत धरणाच्या पायथ्याला येतंय. सांडव्यात कुणी कुंपण घालून वाफा केला असेल तर त्याच्याशी वाईटपणा घ्या. घ्यावाच लागतोय.

२०१९ च्या ऑगस्टात आमच्या तळ्यावर मासेवाल्यानं सांडव्याला जाळी मारली होती, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. दोन दिवसात त्यात पाला, काटक्या, प्लास्टिक, एक अख्खी बाभळ अडकली आणि पाणी धरणाच्या माथ्यापासून दोन हातावर आलं. रात्री तिघांनी कमरेला दोर बांधून जाळी कापली. गावात अजून त्याचं कौतुक करतात, मला विचाराल तर तो मूर्खपणा होता, वाहत्या सांडव्यात माणसानं उतरायचं नसतंय, कडेनं लांब आकड्यानं ओढायचं किंवा मशीन बोलवायचं. आता माशाचा ठेका देताना जाळी लावायची नाही अशी अटच लिहून घेतोय.

दुसरी गोष्ट पाझर. पाणी कुठंतरी मुरतंय असं आपण म्हणतो ते इथं खरंच बघायचं असतंय. धरणाच्या खालच्या बाजूला पायथ्यानं चालत जा, सकाळी, चप्पल घालून, सापाचं बघून. ओल, हिरवीगार पट्टी, झरा, जे दिसेल तिथं खुंटी मारून ठेवा. मातीचं धरण थोडं पाझरणारच, घाबरायचं कारण नाही. बघायचं दोन गोष्टींचं. झरा वाढतोय का, त्यासाठी १५ लिटरची बादली त्याखाली धरून किती सेकंदात भरली ते वहीत तारखेसकट लिहायचं, शेजारी तळ्याची पातळी पण, कारण पातळी वाढली की झरा थोडा वाढतोच. पातळी तीच आणि झरा दुप्पट, तर फोन करायची वेळ झाली. आणि पाणी गढूळ आहे का, काचेच्या ग्लासात घेऊन तासभर ठेवा, तळाला माती बसली तर धरण आतनं धुपतंय. गढूळ झऱ्याला दुसऱ्या दिवशी बघू म्हणायचं नसतंय.

चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसच्या वर माणसं गेली, आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. मंत्र्यांनी नंतर खेकड्यांवर ढकललं ते सगळ्यांना आठवत असेल. खेकडे, घुशी बिळं करतातच, म्हणून तर बिळं बुजवायची. धरणावरची मोठी झाडं पण लहान असतानाच काढा, मोठं झाड तोडलं की मूळ कुजून आत नळी तयार होते. जे मोठं झालंय ते स्वतःच्या मनानं उपटू नका, साहेबाला विचारून. माथ्यावर भेगा पडल्या तर आडव्या, म्हणजे पाण्याकडनं गावाकडं जाणाऱ्या, जास्त वाईट.

पायथ्याला वाळू उकळल्यासारखं पाणी वर येत असेल तर त्यावर चिखल टाकून दाबू नका, पाणी दुसरीकडनं फुटतंय. आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असं टाकायचं, म्हणजे पाणी निघतंय आणि माती राहते. पण हे करायच्या आधी फोन, ११२ किंवा जिल्ह्याचा १०७७. देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरनं ओढ्याकाठच्या घरांना उठवायचं, जनावरं दावी कापून सोडायची, बांधलेलं जनावर तिथंच मरतंय. आणि खोटं निघालं तर लोक हसतील म्हणून थांबू नका, हसू देत.

ऑफिसचं काम थोडं किचकट आहे. ४० हेक्टरच्या वर भिजवणारं तळं मायनर इरिगेशन (लघु पाटबंधारे) खात्याकडं, त्याखालचं जिल्हा पंचायतीच्या अंगाला. पीडीओला (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला) विचारून आपलं कुणाकडं ते मेच्या आधीच पक्कं करा, नाहीतर पावसात दोघंही एकमेकाकडं बोट दाखवतात. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वर उंचीच्या धरणांना लागतो, १० ते १५ मधल्यांना काही अटींवर, त्यामुळं आपलं ८-९ मीटरचं तळं त्यात येतच नाही आणि वर्षाची तपासणी कोण करेल याची वाट बघत बसू नका. अर्ज कन्नडातनं द्या, सोबत तारखेचे फोटो आणि वहीची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. सीमाप्रश्नाचं भांडण आपल्या जागी आहे, पण सांडवा साफ व्हायचा असेल तर साहेबाला वाचता आलं पाहिजे.

ज्यांच्या नदीवर कोल्हापुरी बंधारा आहे त्यांनी बरगे, म्हणजे पाणी अडवायला गाळ्यांत घालतात त्या फळ्या, पावसाच्या आधी काढले का तेवढं बघा. मार्कंडेय नदीकाठी एका ठिकाणी दोन गाळ्यांचे बरगे राहिले होते, तिथं ओंडके अडकून पाणी कडेनं घुसलं आणि काठाची अर्धा एकर जमीन खरवडून नेली. काढलेले बरगे मोजून ठेवा, दिवाळीला परत घालायच्या वेळी चार-पाच कमीच भरतात, कुणाच्या तरी गोठ्याला लागलेले असतात.