कॅम्पर व्हॅनसाठी ऑनिंग टेंट घेताय? या चुका टाळा

इंदूरहून मांडू, महेश्वर, जानापाव करणारे आपले बरेच लोक हल्ली ईकोत नाहीतर ट्रॅव्हलरमध्ये गाद्या टाकून निघतात, आणि मग गाडीच्या बाजूला लावायचा टेंट कुठला घ्यायचा हा प्रश्न येतोच. फोटोत सगळेच मस्त दिसतात. फोटो राहू द्या, आधी टेप काढा.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते उंची न मोजल्यामुळे. टेंट आणि गाडी जोडणारा कापडी भाग ठरावीक उंचीसाठीच शिवलेला असतो. ईको साधारण १.८ मीटर उंच, ट्रॅव्हलर अडीच मीटरच्या घरात, मग एकीचा टेंट दुसरीला कसा बसणार? लहान गाडीला उंच टेंट लावला की झोळ पडतो आणि पहिल्याच पावसात त्या झोळात पाणी साचतं, उलट केलं तर कापड ताणून शिवण उसवते. मोजायचं ते टपापर्यंत नाही, जमिनीपासून जिथे टेंट अडकणार तिथपर्यंत. गाडीला रेल, म्हणजे टेंट सरकवून अडकवायची खाचेची पट्टी, लावलेली असेल तर तिची खाचही बघा, टेंटच्या कडेला जी गोल दोरी शिवलेली असते ती बहुतेक ४ किंवा ६ मिमीची असते, जाड असली तर खाचेत जातच नाही आणि बारीक असली तर वाऱ्यात सटकून येते.

परदेशातून मागवत असाल तर टेंट गाडीच्या कुठल्या बाजूच्या दारासाठी शिवलाय ते नक्की विचारा. युरोपात बहुतेक व्हॅनचं सरकतं दार उजवीकडे असतं, आपल्याकडे चढायचं-उतरायचं डावीकडून.

आणि मुक्काम करणार असाल तर गाडी काढल्यावरही उभा राहणारा टेंटच घ्या, खरंच. महेश्वरला टेंट लावला आणि सकाळी किल्ल्यावर किंवा बाजारात जायचं झालं तर सगळं आवरत बसणार का? गाडी काढण्याआधी चाकांपाशी दगड ठेवा, परत आल्यावर बरोबर त्याच जागी लागते. फक्त दुपारच्या सावलीसाठी हवं असेल तर साधं छत पुरे, उगाच मोठा खर्च करू नका.

पावसाचं बोलायचं तर नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलंय म्हणून घेऊ नका, मिलिमीटरचा आकडा बघा. कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब झेलतं ते त्यात कळतं. आपल्या माळव्याच्या पावसाला मी ३००० च्या खालचा घेणार नाही. शिवणीवर आतून टेप लावलेली हवी, नाहीतर कापड कितीही भारी असलं तरी पाणी सुईच्या भोकातून येतंच.

आता खुंट्या, यांच्याकडे कोणी बघतच नाही. टेंटबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या आपल्या काळ्या मातीत अजिबात चालत नाहीत, पावसात माती लोण्यासारखी होते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, दोन्ही वेळा खुंटी हाताने उपटून येते. लांब आणि रुंद, व्ही आकाराच्या घ्या, डोकं टेंटपासून बाहेरच्या बाजूला झुकेल अशा तिरक्या ठोका, आणि नदीकाठच्या वाळूत असाल तर पिशवीत वाळू भरून दोरी तिलाच बांधून पिशवी पुरा. वाऱ्याला हलकं समजू नका, देवासजवळच्या जामगोदच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. वारा वाढला की आधी छताची वाऱ्याकडची बाजू खाली करा, तरी फडफडत असेल तर सरळ उतरवा.

सकाळी आतून थेंब पडतायत म्हणजे टेंट गळतोय असं नाही, बऱ्याचदा ती श्वासाची वाफ असते. वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवून झोपा. एक रात्र असं करून बघा आणि मगच दुकानदाराशी भांडा.

थंडीत कोळशाच्या शेगडीवर बाफले (बाटीसारखा माळवी पदार्थ) केले की तीच शेगडी आत ओढून घेतात लोक, कृपा करून हे करू नका. बंद टेंटमध्ये कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. गॅसचा स्टोव्हही बाहेरच.

घरी आल्यावर ओला टेंट तसाच पिशवीत कोंबू नका, गच्चीवर सावलीत पूर्ण वाळवा. काळे डाग पडलेच तर मऊ ब्रश आणि सौम्य साबण वापरा, गरम पाणी आणि वॉशिंग मशीन नको, वरचा थर निघून जातो. वाळल्यावर पाणी टाकून बघा, थेंब घरंगळून न जाता कापडात मुरत असेल तर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारायची वेळ झाली.