मिक्सोलिडियन मोड समजून घ्यायचाय? पेटी काढा

इकडे ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मराठी घरातली पोरं गिटार, कीबोर्ड शिकायला लागली की मिक्सोलिडियन या पाश्चात्त्य मोडपाशी, म्हणजे सात सुरांच्या एका ठरावीक रचनेपाशी अडतात आणि पेटी तिथेच घरात असते. खरं तर हे सूर आपल्या ओळखीचे आहेत, संगीतशास्त्री विष्णु नारायण भातखंडेंच्या दहा थाटांमधला (थाट म्हणजे रागांची वर्गवारी करायचा सात सुरांचा संच) खमाज थाट म्हणजे स्वरांच्या हिशोबाने मिक्सोलिडियनच, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९१८ साली इथे ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झालं.

आधी मोबाईलवर तानपुरा लावा, पट्टी पांढरी एक, म्हणजे सी (पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या इथूनच मोजायच्या). तो शेवटपर्यंत चालू राहू द्या, ते फार महत्त्वाचं आहे.

आता पांढरी एकला सा धरून सगळ्या पांढऱ्या पट्ट्या वाजवा. हा बिलावल, म्हणजेच मेजर स्केल. मग फक्त नी बदला, पांढरी सातच्या जागी काळी पाच, म्हणजे कोमल नी. झाला मिक्सोलिडियन!

पण बोटांना कळलं म्हणजे कानाला कळलं असं नाही, म्हणून सां नी ध प सावकाश वाजवा आणि नी वर थांबा. शुद्ध नी वरच्या सा ला अगदी चिकटून असतो, त्याला वर जायची घाई असते, कोमल नी अख्खा एक सूर खाली असल्यामुळे ती ओढ सैल पडते आणि तो आरामात ध कडे उतरतो. हे गाऊन बघाच, नुसतं वाजवून भागत नाही.

आता पांढरी पाचला सा धरा. इथे नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर तीच रचना मिळते, पण तानपुराही पांढरी पाचवर आणायचा, नाहीतर कानाला पुन्हा बिलावलच ऐकू येणार कारण सा कुठे आहे त्यावरच सगळं ठरतं.

गिटारवाल्यांनी सी, बी फ्लॅट, एफ आणि परत सी हे मेजर कॉर्ड वाजवा. मध्ये जी मेजर घेतलात की त्यात शुद्ध नी येतो आणि रंग गेला, जी मायनर चालेल.

एक लक्षात ठेवा, थाट म्हणजे राग नव्हे. राग खमाजात चढताना शुद्ध नी, उतरताना कोमल, शिवाय आरोहात रे गाळतात. देस, झिंझोटी, तिलंग याच थाटातले, पण प्रत्येकाची चाल वेगळी, मोड फक्त सूर देतो.

हे जमलं की काळी एकला सा धरून न बघता कोमल नी शोधा. तो पांढरी सातवर सापडला पाहिजे.