वेगवान गाडीचे ब्रेक कसे सुधारावेत: वर्धा रोडसाठी आणि ट्रॅकसाठीही

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना माझ्या पोलो जीटीचं ब्रेक पेडल एका वळणावर थेट तळाला गेलं. दोन-तीनदा पंप केलं तेव्हा कुठे गाडी आवरली. पॅड (डिस्कला घासून गाडी थांबवणारे) महिन्याभरापूर्वीच टाकलेले, चांगले महागाचे. परतवाड्यात एका मिस्त्रींनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीवर टॉर्च मारला आणि म्हणाले, "भाऊ, हे ऑइल नाही, काळा चहा हाय. कधी बदललं होतं?"

चार वर्षांत एकदाही नाही.

खर्च चुकीच्या क्रमाने केला होता. बहुतेकांचं असंच होतं: आधी लाल कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), मग मोठी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती), आणि ऑइल कंपनीतून आलं तेच. खाली जो क्रम दिलाय तो उलटा आहे, स्वस्तापासून महागाकडे जाणारा. पहिल्या दोन पायऱ्यांवरच बहुतेकांचं काम भागतं.

आपली नागपूरकरांची एक वेगळी अडचणही आहे. गावात रेसिंगचा ट्रॅक नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट असो की चेन्नईचं, दोन्हीकडे हजार-एक किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून जायचं आणि त्याच गाडीने परत यायचं. म्हणून ब्रेक असे हवेत की ट्रॅकवर उकळणार नाहीत आणि पहाटे पाच वाजता थंड असतानाही पहिल्या सिग्नलला गाडी थांबवतील.

आधी दुखणं ओळखा

ब्रेक कमी पडणं म्हणजे तीन वेगवेगळी दुखणी, आणि तिघांचं औषध वेगळं.

पेडल दगडासारखं कडक, पाय जोरात दाबलेला, पण गाडी थांबत नाही, वर जळका वास: पॅड तापून निकामी झालेत. पेडल मऊ, स्पंजी, खाली खाली जाणारं: ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत किंवा लाइनमध्ये एअर आहे. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय तळाला जातो. तिसरं, पेडल ठीक आहे, पण एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लगेच खडखडतं आणि गाडी घसरत पुढे जाते: तुमचे टायर संपलेत.

या तिसऱ्यावर जरा थांबतो. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर ६० च्या वेगाला एकदा जोरात ब्रेक मारून बघा, मागे कोणी नाही याची खात्री करून. एबीएस लागलं, तर चाक अडवण्याची ताकद तुमच्या ब्रेकमध्ये आधीच पुरेशी आहे. त्यावर पॅड ढकलणारे सहा पिस्टन असलेला कॅलिपर लावला तरी पहिल्या ब्रेकला गाडी एक फूटही लवकर थांबणार नाही. ते काम चांगल्या टायरचं. मोठ्या ब्रेकचा उपयोग दहाव्या, विसाव्या वेळी कळतो, कारण ते उष्णता जास्त पचवतात.

उष्णता किती? सव्वा टनाची गाडी १८० वरून ६० वर आणली की सुमारे १,४०० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. तेवढ्यात ३० अंशांवरचं साडेचार लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. हे काही सेकंदांत, आणि बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला प्रत्येक फेरीत. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणून शहरात झकास वाटणारे ब्रेक ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत हात टेकतात.

पायरी पहिली: ऑइल

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीतून (होज), झाकणातून, हळूहळू. ओल शिरली की उत्कलनबिंदू कोसळतो. डॉट ४ ला (डॉट म्हणजे बाटलीवर लिहिलेला ऑइलचा दर्जा) नवेपणी किमान २३० अंश असावा लागतो, ओल धरल्यावर किमान १५५. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०. रेसिंगची खास ऑइलं डॉट ४ वर्गातच मोडतात, पण नवी असताना ३०० च्या वर जातात.

लोक मला विचारतात, नागपूरच्या ४५-४६ अंशांच्या उन्हाने ब्रेक लवकर तापत असतील ना? फारसा फरक नाही. डिस्क ४००-५०० अंशांवर गेलेली असताना हवेचे वीस अंश म्हणजे चिल्लर. ब्रेकचा खरा वैरी आपला पावसाळा. म्हणून मी ऑइल दिवाळीच्या आसपास बदलतो, आणि ट्रॅकला जायचं असेल तर जाण्याच्या आठवड्यात पुन्हा. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल मात्र घेऊ नका: ते ४ किंवा ५.१ मध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीला चालत नाही. गेल्या वर्षीची उघडी अर्धी बाटली कपाटात असेल तर ती फेकायची.

एअर काढणं दोघांचं काम आहे. मी चाकाशी बसतो, मामेभाऊ पेडलवर. चाकामागच्या निप्पलवर (ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक थोडं नवं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलेलं. मी म्हणतो "दाब", तो दाबतो. "धरून ठेव": मी निप्पल पाव वळसा सैल करतो, नळीतून काळपट ऑइल आणि बुडबुडे येतात, पेडल खाली जातं. मी निप्पल आवळतो, आणि मगच म्हणतो "सोड". इथे घाई झाली, निप्पल आवळायच्या आधी पाय उचलला, तर लाइन हवा आत ओढते आणि सगळं पहिल्यापासून. नळीत स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत हेच. पाच-सहा दाबांनंतर बॉनेटखालच्या डबीत ऑइल भरत राहा. डबी रिकामी होऊन हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर ती काढायला बहुतेक गाड्यांना स्कॅनर लागतो.

सहसा मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा जोर ऑइलला देणारा पंप) लांबचं चाक आधी घेतात: आपल्या गाड्यांना मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तुमच्या गाडीचं मॅन्युअल दुसरा क्रम सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका. एक लिटर पुरतं. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलून निघेल.

पायरी दुसरी: पॅड

एक पॅड सगळीकडे चालेल असं दुकानदार सांगतो. चालत नाही. रस्त्याचा पॅड थंड असताना पकडतो आणि तापला की सोडतो. अस्सल ट्रॅकचा पॅड तापल्यावर पकडतो, पण थंड असताना किंचाळतो, डिस्क खरवडतो आणि सीताबर्डीच्या गर्दीत पाय दाबला तरी विचार करून मगच थांबतो. वर्षातून एक-दोन ट्रॅक दिवस असतील तर "फास्ट रोड" म्हणून विकला जाणारा मधला पॅड घ्या. त्याहून जास्त जात असाल तर दोन जोड्या ठेवा, ट्रॅकची डिकीत, आणि तिथे पोचल्यावर बदला. अर्धा-पाऊण तास लागतो.

बदलताना सपाट जागा, मागच्या चाकांना वीट, गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. कॅलिपर सोडवला की त्याला होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन आत ढकलताना डबीचं झाकण उघडं ठेवा आणि ऑइल वर येतंय का बघत राहा. मागे डिस्क आणि त्याच कॅलिपरमध्ये हँडब्रेक असेल तर तो पिस्टन सहसा फिरवत आत न्यावा लागतो. शिकंजा लावून दाबलात तर बिघडवाल. सरकणाऱ्या पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा, बेअरिंगचं नाही, त्याने रबर फुगतं. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने (मोजून ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळा. माझ्या पोलोला १२० न्यूटन-मीटर.

नवे पॅड बसवले म्हणजे काम झालं असं नाही, ते डिस्कवर बसावे लागतात. मी रविवारी पहाटे बुटीबोरी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर जातो. ६० वरून १० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न लावता गाडी हळू चालवून थंड करायची. गरम असताना पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये याला "डिस्क वाकडी झाली" म्हणतात. बऱ्याचदा डिस्क सरळच असते, तिच्यावर पॅडचा थर कमी-जास्त बसलेला असतो. हे काम समृद्धी महामार्गावर करू नका. तिथे मागून १२० ने येणाऱ्याला तुम्ही पॅड बसवताय हे माहीत नसतं.

डिस्क, होज, हवा

डिस्क कंपनीच्या मापाचीच, पण चांगल्या प्रतीची आणि आतून हवा खेळणारी घ्या. खाचांची चालेल. भोकं पाडलेली दिसायला झकास, पण ट्रॅकच्या तापाने भोकाभोवती तडे जातात. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली की बदला.

स्टीलची जाळी असलेल्या होजने पेडल थोडं घट्ट होतं, इतकंच. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ती कुठे घासत नाही ना, पाहा.

बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत हवेचा पाइप नेणं हा स्वस्त आणि गुणाचा उपाय आहे. काही जण डिस्कमागचा पत्रा कापतात. आपल्या रस्त्यांवरची गिट्टी पाहता मी तो ठेवला.

मोठ्या ब्रेकचा किट शेवटी, तोही हिशेबाने

पुढे मोठे पिस्टन लावले की जोर पुढे जास्त जातो आणि मागचे ब्रेक निवांत बसतात. थांबण्याचं अंतर उलट वाढू शकतं. मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, मास्टर सिलिंडर तोच, म्हणून पेडल लांब जातं. म्हणून तुमच्याच मॉडेलसाठी हिशेब केलेला किट घ्या, आणि रिममध्ये तो मावतो का हे विकत घेण्याआधी कागदी साच्याने तपासा. नामांकित कॅलिपरच्या हुबेहूब नकला मिळतात, त्यांना हात लावू नका. (लाल प्लॅस्टिकचं कव्हर लावलंत तर ते हवा अडवतं, म्हणजे पैसे देऊन ब्रेक बिघडवणं.) मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, मोठा किट लावण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

ट्रॅकच्या दिवशी

निघताना पॅड निम्म्याहून पातळ असतील तर नवे टाका. पातळ पॅडमधून उष्णता सरळ पिस्टनला आणि ऑइलला जाते. शेवटची फेरी ब्रेक जवळपास न लावता मारा. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायची जागा) हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा. पेडल मऊ वाटलं तर पुन्हा ट्रॅकवर उतरू नका, थंड होऊ द्या, एअर काढा.

संध्याकाळी डिस्क हाताळण्याइतकी निवली की रस्त्याचे पॅड परत चढवा. चाक लावण्याआधी गाडीत बसून पेडल कडक होईपर्यंत पंप करा, कारण आत ढकललेले पिस्टन पहिल्या दाबाला डिस्कपर्यंत पोचत नाहीत. मी एकदा हे विसरलो आणि पॅडॉकच्या फाटकाशी हँडब्रेकवर थांबलो. मग पन्नास-एक किलोमीटरवर पहिल्या पेट्रोल पंपाला चाकांचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि नागपूरचा रस्ता धरा.