अंडाशयाचं ऑपरेशन: सही करण्याआधी आणि नंतर

खान्देशात 'पिशवी काढली' म्हटलं की गर्भाशय, नळ्या, अंडाशय सगळं त्यातच आलं. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी 'अंडाशय ठेवलंय का?' विचारलं तर बाईला सांगता येत नाही. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: नुसती गाठ काढणार, एक अंडाशय की दोन्ही? उत्तर त्याच कागदावर मराठीत लिहून घ्या.

एक अंडाशय काढलं तरी पाळी येते, दिवसही राहू शकतात. पाळी चालू असताना दोन्ही काढली तर ती कायमची थांबते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात. 1872 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बॅटी यांनी चांगली अंडाशयं काढायला सुरुवात केली आणि नंतर 'हिस्टेरिया'च्या नावाखालीही ती काढली गेली. गाठीचं पहिलं गाजलेलं ऑपरेशन मात्र खरोखर गरजेचं होतं. डिसेंबर 1809, केंटकी: इफ्राइम मॅकडॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड यांच्या पोटातून सुमारे 10 किलोची गाठ काढली, तीही भूल न देता. बाई पुढे 32 वर्षं जगल्या.

पाळी चालू असेल आणि साधी पाण्याची गाठ 5 सेंटिमीटरच्या आत असेल, तर ती बहुधा दोन-तीन पाळ्यांत जिरते. 6 ते 12 आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करा. रक्ताच्या तपासणीत सीए-125 नावाचं प्रथिन वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. पाळीच्या दिवसांतही ते वाढतं. पण एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आणि उलट्या असतील तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. 'पोट दुखस' म्हणत ओवा खाऊन सकाळची वाट पाहू नका. रक्तपुरवठा तुटतो, अंडाशय काळं पडतं.

ऑपरेशनआधी 6 तास जेवण बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत. चहा चालत नाही, त्यात दूध असतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो, त्याला पोटात भरलेला गॅस कारण. एक-दोन दिवसांत थांबतं. पोट उघडलं असेल तर 6 आठवडे हंडा, केळीचा घड, नातू काहीच उचलायचं नाही. टाके भरतात लवकर, आतला थर उशिरा. तिथेच हर्निया होतो. ताप, टाक्यांतून पू किंवा पोट फुगून गॅस न सरणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गाठीचा बायोप्सी रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो. टाके काढायला जाल तेव्हा तो मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डाला पिन करा.